कुपीत उरलेले दोन

“सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” असं म्हणत आप्पांनी आपलं सहा नंबरचं टोकन शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या हातात ठेवलं आणि त्यांचं आठ नंबरचं स्वतःच्या खिशात टाकलं. बाईंना साडेबाराला वर्गावर उभं राहायचं होतं. त्या नको नको म्हणाल्या, पण आप्पांनी ऐकलं नाही. निवृत्त माणसाला घड्याळ लागतं ते फक्त किल्ली द्यायला, वेळ बघायला नाही, असं ते म्हणाले. बाई हसल्या आणि दोन नंबर पुढे सरकल्या.

पाच मिनिटांनी आप्पांनी आठ नंबरही देऊन टाकला. पलीकडे एक व्यापारी बसले होते, त्यांचा फोन वाजायचा थांबत नव्हता आणि टोकन होतं शेवटचं, दहावं. आप्पांनी त्यांना अगदी थोरल्या भावाच्या मायेनं सांगितलं की धंद्याच्या माणसानं असं शेवटी बसू नये, लक्ष्मी रुसते. व्यापाऱ्यांनी आभार मानले. आता आप्पांच्या खिशात दहा नंबर होता. ते पाय पसरून बसले. परोपकार अंगात असा भिनला होता की त्यांना स्वतःलाच जरा शंका आली.

जागा होती तिसऱ्या मजल्यावरचा एक लांबट हॉल. भिंतीला लागून जोडलेल्या खुर्च्या, एक पाण्याचं यंत्र, आणि समोर दोन दारं, एक डॉक्टरांचं, एक सिस्टरांचं. परदेशी जाणाऱ्यांना इथे दर मंगळवारी पिवळ्या तापाची लस टोचत. काही देश असे आहेत, की त्या लसीचा शिक्का मारलेलं पिवळं पुस्तक दाखवलं नाही तर विमानतळावरूनच पाहुण्याची बोळवण करतात. आणि इथली पद्धत अशी, की एका काचेच्या कुपीत दहा जणांची लस असते, म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय सिस्टर कुपी फोडत नाहीत. फोडली की ती काही तासांची सोबती. उरेल ते फेकायचं.

आप्पांची ही महिन्यातली तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की आपल्याला अंडं चालत नाही. ज्यांना अंड्याचं वावडं असतं त्यांना ही लस देताना डॉक्टर थांबतात, हे ते कुठूनतरी वाचून आले होते. अंगावर उठणाऱ्या चट्ट्यांचं त्यांनी असं रसाळ वर्णन केलं की डॉक्टर स्वतःचंच मनगट खाजवू लागले. तिथून सुटून आप्पा खालच्या कँटीनमध्ये गेले आणि आनंदाच्या भरात दोन अंड्यांचं ऑम्लेट मागवून बसले. मागच्या टेबलावर सिस्टर डबा खात होत्या. दुसऱ्या खेपेला आप्पा गरम चहाचा घोट तोंडात फिरवून थर्मामीटरसमोर बसले. डॉक्टरांनी अर्धा तास शांतपणे बसवून ठेवलं आणि पुन्हा ताप बघितला. तो काही राहिला नव्हता. मग त्यांनी आप्पांची छाती तपासली, रक्तदाब घेतला, जुने कागद चाळले. या वयात जरा जास्त बघावं लागतं, म्हणाले. सगळं बघून झाल्यावर त्यांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि मंगळवारी या, म्हणून सांगितलं. इतक्या चांगल्या तब्येतीचा आप्पांना आयुष्यात कधी एवढा राग आला नव्हता.

आजचा मंगळवार शेवटचा होता. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी पुस्तकातला शिक्का लागू होतो, आणि आप्पांचं विमान होतं पुढच्या आठवड्यात, शनिवारी. तिकीट लेकीनं काढलं होतं. तिकिटाबरोबर तिचा निरोप आला होता. तो आप्पांनी इतक्या वेळा वाचला होता की फोन न उघडताही वाचता यायचा. बाबा, या वेळी नाही आलात तर मी पुन्हा बोलावणार नाही. रागानं नाही म्हणत. दमले मी.

म्हणून तर हा दहाव्या नंबरचा खटाटोप. दारावरच्या पहारेकऱ्यानं मागच्या खेपेला गप्पांत सांगितलं होतं, की कधीकधी कुपीतला दहावा डोस पुरा भरत नाही. थोडं सुईत अडकतं, थोडं काचेला चिकटतं, आणि मग शेवटच्या माणसाला पुढच्या मंगळवारी या म्हणून सांगतात. आप्पांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं. टोकन हातात घेऊन बसलो होतो गं, पण लसच संपली, असं लेकीला सांगता आलं असतं, आणि ते खरं ठरलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा एक खरी सबब हाताशी येत होती, आणि तिच्यासाठी एवढी लबाडी करावी लागत होती.

आता राहिली गोष्ट. ती मध्येच सोडून चालणार नव्हतं, कारण बाई, व्यापारी आणि आणखी चारपाच माथी त्यांच्याकडे वळली होती. आप्पांनी घसा साफ केला.

गोष्ट होती त्यांच्या सख्ख्या साडूची. या साडूनं हीच लस घेतली, याच हॉलमध्ये. रात्री छान झोपला. सकाळी डोळे उघडतो तर छत पिवळं. दूध पिवळं दिसलं म्हणून दूधवाल्याशी भांडला. रस्त्यावर आला तर सिग्नलचे तिन्ही दिवे पिवळे. आता पिवळ्यावर ना थांबायचं, ना जायचं. साडू कायद्याला धरून चालणारा माणूस, तो चौकात एक पाय पुढे टाकून संध्याकाळपर्यंत तसाच उभा. शेवटी पोलिसानं हाताला धरून पलीकडे नेलं. पलीकडे नळांचं दुकान होतं. पितळेचे नळ बघून साडूला वाटलं, सोनं आणि इतकं स्वस्त. त्यानं अठ्ठावीस नळ घेतले. अजून त्याच्या घरात बाथरूम एक आणि नळ अठ्ठावीस आहेत.

बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. व्यापाऱ्यांनी फोन कट केला. आप्पांना आपल्या अंगात ऊब आल्यासारखं वाटलं. साडू वगैरे त्यांना कधी नव्हताच, बायको आईबापांची एकुलती एक. पण इतकी माणसं, इतक्या जवळ, इतका वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत बसलीत, असं कितीतरी महिन्यांत घडलं नव्हतं.

आप्पांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. ते राहायचे सहाव्या मजल्यावर. बायको गेल्यापासून त्यांना एक सवय लागली होती. कुणी खाली निघालं की आपणही खाली काम काढायचं, कुणी वर निघालं की वर. शेजारी तेवढे मजले ऐकून घेत. म्हणून आप्पांच्या सगळ्या गोष्टी हळूहळू सहा मजल्यांच्या मापाच्या झाल्या होत्या. तळमजल्याला सुरुवात, चौथ्याला गंमत, सहाव्याला शेवट. मग दार उघडायचं, माणूस आपल्या घरात जायचा आणि आप्पा आपल्या. आत गेल्यावर ते चपला मुद्दाम आपटून काढत. घरात तेवढाच आवाज.

इथे मात्र मजले मोजायचे नव्हते. इथे गोष्ट हवी तेवढी लांबवता येत होती.

“लाल रंगपण?”

विचारणारा आप्पांच्या शेजारचाच होता, नऊ नंबरवाला. तिशीतला, रुंद पंजांचा, हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे ठिपके. आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता आणि साडूच्या नळांवर हसलाही नव्हता.

“म्हणजे, तुमच्या साडूंना लाल रंगपण दिसेना?”

श्रोता असा हातात आल्यावर कुठला गोष्ट सांगणारा मागे सरेल? आप्पांनी आवाज खाली आणला.

“लाल तर सगळ्यात आधी गेला.”

“मग परत आला?”

“आला. पण पूर्वीचा नाही. जरा उतरलेला.”

नऊ नंबरवाल्यानं मान हलवली आणि आपल्या हातांकडे बघत बसला.

सिस्टरांनी साडेअकराला कुपी फोडली आणि नंबर पुकारायला सुरुवात केली. माणसं आत जात, दंडावर कापूस दाबत बाहेर येत, थोडा वेळ बसवलं की बसत आणि मग जात. आप्पा एकेकाच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. शिक्षिकाबाई बाहेर आल्या त्या घड्याळ बघतच, आणि साडूंना माझा नमस्कार सांगा म्हणून निघूनही गेल्या. सातव्याच्या वेळी नऊ नंबरवाला उठला. पाणी पिऊन येतो, म्हणाला. पाण्याचं यंत्र त्याच्या समोरच होतं, पण तो त्याच्या बाजूनं चालत दाराबाहेर गेला. आप्पांनी लिफ्टचं दार लागल्याचं ऐकलं. दोर नवा, पण खालची पट्टी घासलेली, हे त्यांच्या कानांनी आपोआप टिपलं. लिफ्ट खाली गेली. तळमजल्याला थांबली नाही. आणखी खाली, गाड्या ठेवतात तिथे गेली आणि थांबली.

व्यापारी आत जाऊन आले. दार उघडलं.

“नऊ.”

कुणी उठलं नाही.

“नऊ नंबर.”

हॉलमध्ये आता आप्पा होते, कापूस दाबून बसलेले व्यापारी होते आणि बऱ्याच रिकाम्या खुर्च्या होत्या. सिस्टर बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, चालताना पायांचा आवाज न होणाऱ्या. त्यांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग आप्पांकडे.

“तुमची साडूची गोष्ट आतपर्यंत ऐकू येत होती,” त्या म्हणाल्या.

आप्पांनी ती गंमत होती, लोकांचा जरा वेळ जावा म्हणून, असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, की त्या माणसाचंही विमान पुढच्या आठवड्यातल्या शनिवारीच आहे. जहाजं बांधतात तिथलं काम आहे, दोन वर्षांचं. आज घेतली नाही तर शिक्का लागू होत नाही, शिक्का नसेल तर काम गेलं. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर आप्पांनी काहीतरी विनोद करून उतरवला असता.

खरं तर आप्पांना दुसरीच काळजी लागली होती. नववा माणूस गेला, म्हणजे कुपीत दोघांचं आणि घ्यायला एकटे ते. आता डोस कमी पडणं शक्य नव्हतं. सरकत सरकत दहाव्या नंबरावर जाऊन बसले, आणि स्वतःच्याच लोणकढी थापेनं त्यांची एकुलती एक खरी सबब पाय लावून पळाली.

“दीडला दवाखाना बंद होतो,” सिस्टर म्हणाल्या. “मग उरलेलं फेकावं लागतं. दोन वर्षांपूर्वी कुपीत एक उरला होता, आप्पा. तो मी फेकला. आज दोन फेकायला लावू नका.”

आणि त्या आत गेल्या.

दोन वर्षांपूर्वीचे आपण त्यांना आठवत नसू असं आप्पांना तीनही खेपांना वाटलं होतं. आप्पांनी मांडीवरची कापडी पिशवी उगीच या बाजूची त्या बाजूला केली. तिच्यात दोन पिवळी पुस्तकं होती. एक कोरं, त्यांचं. एकावर शिक्का होता, ते तिचं.

दोन वर्षांपूर्वी दोघं याच रांगेत बसले होते. तिचा नंबर नऊ, त्यांचा दहा. लेकीला पहिलं मूल व्हायचं होतं, दोघांनी जायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात आप्पांच्या फोनवर कुणी कुणी काय काय पाठवलं होतं. म्हाताऱ्यांना ही लस सोसत नाही, कुणाचा मेहुणा असाच गेला, सुई हाडापर्यंत जाते. आप्पा ते वाचून मोठ्यानं हसले होते आणि एकेक निरोप पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं नीट समजावलं, विचारा काय विचारायचं ते, म्हणाले. आप्पांनी काहीच विचारलं नाही. सगळ्या इमारतीला हसवणाऱ्या माणसानं सुईची भीती वाटते असं बोलून कसं दाखवायचं? ती आत गेली तेव्हा त्यांनी एक फोन करून येतो म्हणून खुर्ची सोडली, ते सरळ घरी गेले.

ती तासाभरानं एकटीच घरी आली. दंडावर कापूस तसाच होता. संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा आप्पांच्या देखत तिनं सांगितलं, यांना डॉक्टरांनी नको म्हटलंय, रक्तदाबाचं काहीतरी निघालंय. आयुष्यात तिनं बोललेलं ते बहुधा एकमेव खोटं, आणि तेही नवऱ्याचं झाकण्यासाठी. तू तरी ये, असं लेक म्हणाली. यांना एकट्याला टाकून कुठं येऊ, हे चहात मीठ घालतील, असं ती म्हणाली. पुढच्या महिन्यात बघू, मग थंडी सरल्यावर बघू, असं करत पंधरा महिने गेले. मग एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. नातवाला तिनं पाहिलं ते फोनच्या काचेतच.

तेव्हापासून आप्पांनी मनाशी एक पक्कं धरून ठेवलं होतं. ती सुई भयंकरच असली पाहिजे. तशी नसेल, तर मग त्यांनी केलं ते काय केलं?

ते उठले. जिन्यानं गेले नाहीत, लिफ्टही वर बोलवावी लागली नाही. ती तिसऱ्या मजल्यावर येऊन उभी होती, व्यापारी तिच्यात शिरत होते. तळमजल्याला व्यापारी उतरले. तुम्ही नाही उतरत, असं त्यांनी विचारलं. आप्पांनी नुसतं खाली बोट दाखवलं.

गाड्यांच्या ओळींच्या शेवटी, पंपाच्या खोलीजवळ तो एका उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसला होता. समोरच्या भिंतीवर आग विझवायची वाळूची बादली टांगली होती. लालभडक. तो तिच्याकडे एकटक बघत होता. मध्येच एक डोळा झाकून बघत होता, मध्येच दुसरा.

आप्पा बाजूला उभे राहिले. तेही बादलीकडे बघू लागले.

“आत्ता तर दिसतोय,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तो वेल्डर होता. धातू वितळायला लागतो तेव्हा काळ्या काचेआडून त्याचा एक रंग दिसतो, क्षणभराचा. तो रंग आला की हात पुढे सरकवायचा. आधी सरकवला तर सांधा कच्चा, उशीर केला तर भोक. हे कुणाला शिकवता येत नाही, डोळ्यांनाच कळावं लागतं. जहाजाच्या पोटात दोन पत्र्यांच्या सांध्यावर शेकडो माणसं झोपतात, त्यांना कुठं माहीत असतं तो कुणी जोडलाय. रंग उतरलेला दिसू लागला तर आपण कशाचे वेल्डर? तो हे सगळं बादलीला सांगत होता.

“मला साडू नाही,” आप्पा म्हणाले.

“काय?”

“साडूच नाही मला. ती सगळी थाप होती.”

वेल्डरनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि तो हसला. कडवट नाही, समजूतदारपणे हसला, जसं कुणी लहान मुलाची समजूत घालायला आलेल्याकडे बघून हसावं.

“सिस्टरांनी पाठवलं ना तुम्हाला? असंच सांगणार तुम्ही. मघाशी तुमचा आवाज वेगळा होता. साडू म्हणताना डोळ्यात पाणी आलं होतं तुमच्या.”

आप्पा खोक्याच्या कडेवर टेकले. चाळीस वर्षांत त्यांच्या थापा लोकांनी हसून सोडून दिल्या होत्या, आणि आज जिथे सुटायला हवी होती तिथेच थाप चिकटून बसली होती. खरं बोलायला गेलं तर पदरी खोटेपणा. त्यांनी पिशवीत हात घातला आणि शिक्क्याचं पुस्तक काढून वेल्डरच्या मांडीवर ठेवलं.

वेल्डरनं ते उघडलं. बाईचं नाव बघून त्यानं भुवया उंचावल्या.

आप्पांनी सांगितलं की ही त्यांची बायको. ही लस घेतल्यावर एक दिवस दंड दुखला, किंचित कणकण आली, दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकाला उभी. त्यानंतर तिनं नातवासाठी स्वेटर विणायला घेतला. पोपटी लोकर मध्येच संपली, तर तिनं तीन दुकानं पालथी घातली. आप्पांना सगळेच गुंडे सारखे दिसत होते, ती एकेक उन्हात धरून नको म्हणत होती. हा जरा पिवळ्याकडे झुकतो, हा मळका आहे. शेवटी जुळला तोच घेतला. पंधरा महिने तिनं सगळे रंग नीट बघितले. हे सांगताना आप्पांनी हातवारे केले नाहीत, कुठे थांबले नाहीत, आवाज वरखाली केला नाही. गोष्ट म्हणून ती अगदीच वाईट सांगितली गेली.

वेल्डरनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

“मग त्या गेल्या का तिकडे?”

“नाही.”

“शिक्का तर आहे.”

“मी नाही घेतली. ती आत गेली होती आणि मी बाहेरून पळालो. मला सोडून ती गेली नाही.”

वरून एक गाडी उतरली, तिच्या दिव्यांचा झोत भिंतीवरून सरकला आणि विझला. वेल्डरनं पुस्तक मिटलं, आप्पांच्या हातात परत दिलं, पण बोटं काढली नाहीत.

“आज घेणार?”

आप्पांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं, ते सुटलं नाही.

“तुमची पहिली गोष्ट खरी की दुसरी, मला काय कळणार?” वेल्डर म्हणाला. “आधी तुम्ही घ्या. माझ्यासमोर. मग मी घेतो.”

दोघं लिफ्टमध्ये शिरले. एवढ्या मजल्यांत आप्पांनी एरवी एक राजा मारला असता आणि एक गादीवर बसवला असता. या खेपेला ते दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिले. वेल्डरही.

सिस्टरांनी घड्याळाकडे बघितलं. थंड पेटीतून कुपी काढली, तिच्या तळाशी राहिलेलं उजेडात धरून बघितलं आणि नऊ नंबरचा कागद पुढे ओढला.

“दहा आधी,” दारात उभा राहून वेल्डर म्हणाला.

त्यांनी कागद बदलला. आप्पा स्टुलावर बसले. बाही वर करताना बटण अडकलं, ते सिस्टरांनी काढून दिलं. त्यांनी ढिला सोडा हात म्हणून सांगितलं, तो सोडायला आप्पांना बराच वेळ लागला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे घट्ट मिटले. जबडा आवळला. दंडावर कापसाचा गार बोळा फिरला. आता. त्यांनी श्वास रोखून धरला. बाहेर लिफ्ट कुठेतरी थांबली. ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज झाला. अजून नाही. मुद्दाम उशीर लावतायत, त्यांना वाटलं. आणखी थोडा वेळ गेला.

“करा सिस्टर,” ते डोळे न उघडता म्हणाले. “मी तयार आहे.”

“झालं.”

आप्पांनी डोळे उघडले. दंडावर खसखशीच्या दाण्याएवढा रक्ताचा ठिपका होता. सिस्टरांनी त्यावर कापूस ठेवला आणि त्यांचाच दुसरा हात उचलून त्याच्यावर दाबला. मग त्या टेबलाकडे वळल्या, कोरं पुस्तक उघडलं आणि तारीख लिहू लागल्या.

आप्पा दंडाकडे बघत राहिले. कापूस उचलून त्यांनी पुन्हा बघितलं. जणू हात दुसऱ्या कुणाचा होता आणि त्यांना तो नुसता धरायला दिला होता. खोलीत लिहिण्याचा आवाज होता. त्यांच्या ओठांची काहीतरी जुळवाजुळव चालली होती, ती दोनदा मोडली.

“फार दुखलं,” ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. “हाडापर्यंत कळ गेली. भयंकर. माझ्या जागी कुणीही असता तरी पळूनच गेला असता.”

सिस्टरांचा शिक्का पुस्तकावर अर्ध्यात थांबला.

“खोटं बोलताय आप्पा,” दारातून वेल्डर म्हणाला. “तुम्हाला कळलंसुद्धा नाही.”